शेवटचा शब्द जयसिंगचा

राजसनं रेकॉर्डिंग थांबवलं, हेडफोन मानेवर उतरवले आणि काचेकडं बघत बोलायचं बटण दाबलं.

“राकेशदादा, ओळीच्या शेवटी संडास आहे का?”

“आहे.”

“म्हणजे रूपक वगैरे?”

“नाही. संडास.”

राजसनं पडद्यावरच्या हिरव्या रेघांकडं थोडा वेळ पाहिलं, त्यातून वास येतोय का हे तपासल्यासारखं. मग म्हणाला, “ओके. परत घेऊ.”

काचेपलीकडं दोन माणसं होती. राकेश माइकसमोर उभा होता. पंचेचाळिशीला टेकलेला, अंगात स्वतःच्याच ड्रायव्हिंग स्कूलचा टी-शर्ट, पाठीवर ‘शिकाऊ उमेदवार, अंतर ठेवा’. शेजारी प्लॅस्टिकच्या खुर्चीत जयसिंग बसला होता. उजवा हात त्यानं मांडीवर ठेवला होता, कुणीतरी दोन मिनिटं सांभाळायला देऊन गेल्यासारखा. बीट सुरू झाला. राकेशनं मान खाली घातली आणि एका दमात सुटला,

“आयटी पार्कात काचेची भिंत, एसीचा गार वास,
हजार माणसं आत साहेब, अन् मजल्याला एक —”

इथं तो थांबला. जयसिंग भिंतीकडंच बघत होता. बरोबर ठोक्यावर, स्वच्छ आवाजात तो म्हणाला, “संडास.”

“टायमिंग कडक आहे,” राजस बटण दाबून म्हणाला. “टायमिंगबद्दल आपलं काही म्हणणंच नाही.”

स्टुडिओ सदाशिव पेठेत होता. त्याआधी तिथं दातांचा दवाखाना होता. खुर्ची गेली होती, पण फरशीतले तिचे बोल्ट तसेच होते आणि चूळ भरायचं बेसिनही. राजसनं हिंजवडीतली नोकरी सोडून हा दवाखाना भाड्यानं घेतला, भिंतींना फोम लावला आणि मराठी हिपहॉपचं भविष्य घडवायला बसला. बाहेरची पाटी काढायची राहून गेली. त्यामुळं अधूनमधून गाल धरून कुणीतरी यायचं, बाकावर बसायचं, आतला आवाज ऐकायचं आणि निमूटपणे निघून जायचं. आता इमारत पाडायला निघाली होती. सामान उद्या हलणार होतं. म्हणजे रेकॉर्डिंग जे काय व्हायचं ते आज.

अल्बमचं नाव ‘लवकरच’. हे नाव राकेशनं ठेवलं नव्हतं. पहिलं पोस्टर छापलं तेव्हा अल्बमचं नाव ठरलेलं नव्हतं, म्हणून खाली नुसतं ‘लवकरच’ टाकलं. पोस्टरं बिबवेवाडीभर लागली. लोकांना तेच नाव वाटलं. पुढं इतकी वर्षं गेली की दुसरं कुठलं नाव ठेवणं राकेशला खोटेपणाचं वाटायला लागलं.

ही दोघं पहिल्यांदा माइकवर आली ती चौदा एप्रिलला. गायन पार्टीची गाडी घाटात बंद पडली होती, मांडव भरलेला होता, म्हणून मंडळानं या दोन पोरांना वेळ काढायला स्टेजवर चढवलं. राकेश इतक्या वेगानं बोलायचा की पुढं बसलेल्या एका आजोबांनी शेजाऱ्याला विचारलं, “पोरगं कुणाशी भांडतंय?” त्या दिवसापासून तो एमसी बोगदा झाला, कारण एकदा तोंड उघडलं की आतून काय काय बाहेर येईल याचा नेम नव्हता. फक्त ओळीच्या शेवटी त्याचा दम संपायचा. शेवटचा शब्द जयसिंग द्यायचा. ओळी राकेशच्या, शेवटचा शब्द जयसिंगचा. म्हाताऱ्यांना त्यात नवल वाटलं नाही. “हा झील धरतो,” ते म्हणाले, आणि रॅप म्हणजे काय हा प्रश्न वस्तीपुरता तिथंच मिटला.

मग कंपन्या आल्या. जयसिंगला हिंजवडीत नोकरी लागली, दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधायची. त्या कंपन्यांतल्या पोरांना गाड्या घ्यायच्या होत्या आणि कुणालाच चढावर गाडी थांबवता येत नव्हती, म्हणून राकेशनं एक जुनी मारुती घेऊन ड्रायव्हिंग स्कूल काढलं. अल्बम पुढं ढकलला गेला. आधी जयसिंगच्या शिफ्टमुळं, मग लग्नामुळं, मग वेगळ्याच कारणानं. राकेश ज्या वस्तूवर गाणं लिहायचा, गाणं पुरं होईपर्यंत ती वस्तूच बाजारातून उठायची. पेजर गेला, एसटीडी बूथ गेले, फ्लॉपी गेली. कॅसेटवरचं गाणं तर कॅसेटवरच राहिलं.

आणि दोन वर्षांपूर्वी कंपनीच्या बसमध्ये जयसिंग खिडकीला टेकला तो टेकलाच. शेजारच्याला वाटलं, झोपलाय. हिंजवडीच्या बसमध्ये सगळेच झोपतात.

जीव वाचला. हात-पाय थोडे परतले. शब्द परतले नाहीत. त्याला सगळं कळायचं, पण तोंड उघडलं की “ते… ते…” एवढंच, आणि मग तो स्वतःवर इतका चिडायचा की पांघरूण दातात धरायचा. दवाखान्यात त्याच्या उशाशी बसून राकेश काय बोलणार? बोलणं हा त्याचा झरा, आणि तोच आटला होता. म्हणून सवयीनं पहिलंवहिलं गाणं पुटपुटला, “खिशात नाही दमडी तरी कमरेला माझ्या —” आणि दम घ्यायला थांबला.

“पेजर,” जयसिंग म्हणाला.

सलाईन बदलणारी नर्स थबकली. राकेशनं पुढची ओळ म्हटली. जयसिंग म्हणाला, “एसटीडी.” त्याच्या पुढची. “फ्लॉपी.”

ज्या माणसाला पाणी मागता येत नव्हतं, त्याला फ्लॉपी मागता येत होती. राकेश बाहेर व्हरांड्यात गेला आणि भिंतीकडं तोंड करून बराच वेळ उभा राहिला. नर्सला वाटलं, रडतोय. रडतही होता. पण डोक्यात यमक जुळवत होता, पाणी, राणी, गाणी.

वाचा सुधारायला येणाऱ्या बाईंनी नीट समजावून सांगितलं. पाठ झालेल्या गोष्टी मेंदूच्या वेगळ्या कोपऱ्यातून येतात, त्याला बोलणं समजू नका, फार आशा ठेवू नका. राकेशनं सगळं ऐकून घेतलं आणि लिहायला बसला. एकेका ओळीला महिना-महिना लागायचा. जयसिंगला गाडीच्या मागच्या सीटवर बसवायचं, पुढं एखादी सॉफ्टवेअरवाली क्लच शोधतेय, आणि राकेश तिला “डावीकडं घ्या” सांगता सांगता मागं ओळ फेकतोय, पुन्हा पुन्हा, शब्द रुळेपर्यंत. बऱ्याच मुली दुसऱ्या दिवशी यायच्या नाहीत. पण पाणी आलं. मग चहा. मग पंखा. मग ‘दुखतंय’, त्यासाठी राकेशनं अख्खं कडवं खर्ची घातलं. मग ‘नको’, आणि तो शब्द आल्यावर जयसिंग आठवडाभर सगळ्यालाच नको म्हणत सुटला होता, पेढ्यालासुद्धा.

घरी या ओळी जयसिंगची बायको मंदाकिनी म्हणायची. ती पोस्टात काउंटरला होती. तिथल्याच सुरात, “रजिस्टर करायचंय की साधं” विचारावं तशी ती स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून रॅप करायची. एक ओळ म्हणायची, थांबायची. नको असली की जयसिंग गप्प. दुसरी म्हणायची, थांबायची. जी हवी ती तो पुरी करायचा.

“नुसतं विचारलं अन् मान हलवली तरी भागेल की,” डॉक्टर म्हणाले होते.

“मान नंदीबैलपण हलवतो,” मंदाकिनी म्हणाली होती. “मला मागणारा नवरा हवाय.”

हे सगळं राजसला ठाऊक नव्हतं असं नाही. राकेशनं त्याला एकदा सांगितलं होतं. ऐकून राजस बेसिनचा नळ सोडून तोंड धुवायला लागला होता आणि त्यानंतर त्यानं अल्बम द्यायची तारीख दोनदा पुढं ढकलली होती. पण पैसे लावणारी माणसं वेगळी होती, आणि त्यांना एमसी बोगदाच्या पुनरागमनात चहा, पंखा आणि संडास का आहे हे कुणी समजावायचं हा प्रश्न होता.

“दादा, आता शेवटचं गाणं ना?” राजसनं विचारलं. “कुठला शब्द आहे? आधीच सांगा म्हणजे माझी तयारी राहील.”

राकेश काचेजवळ आला आणि आवाज उतरवून म्हणाला, “बाहेर बसल्यात त्या.”

बाहेर, पेशंटच्या बाकावर, मंदाकिनी बसली होती. मांडीवर डब्याची पिशवी. दर वेळी ती सुट्टी टाकून यायची आणि तिथंच बसायची. आत काय चाललंय ते दार उघडं असलं तर ऐकायची, नाहीतर समोरच्या भिंतीवरचं दाढेचं चित्र बघायची.

“काकूंचं नाव?” राजस म्हणाला. “मंदाकिनी? याला यमक?”

“नव्हतं. सहा महिने नव्हतं. एक बाई गाडी शिकायला आल्या, म्हणाल्या, मी किनी, रिव्हर्सला किनी, फार घाबरते. मी ब्रेकच दाबला.”

राजस हसला. मग त्यानं उठून बाहेरचं दार सताड उघडलं आणि बाकाकडं न बघता परत येऊन बसला.

जयसिंगनं डाव्या हातानं शर्टाची कॉलर सारखी केली. त्याला कळलं होतं. महिनाभर गाडीत तो हाच शब्द घोकत होता. राकेशनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला, बीट चार वेळा फिरू दिला आणि सुरू झाला. या वेळी तो वेगानं गेला नाही.

“शब्द गेले, बस गेली, उरलो मी किनी,
सगळं विसरलो, एक सोडून — ते नाव —”

“मंदाकिनी,” जयसिंग म्हणाला.

चारही अक्षरं आली. एकही सांडलं नाही. राजसनं दोन्ही हात डोक्यावर ठेवले. राकेश दाराकडं बघत होता, जयसिंगही.

मंदाकिनी पिशवीत हात घालून डब्याचं झाकण घट्ट करत होती. तिनं वर पाहिलं नाही.

“काकू,” राजसला राहवलं नाही. “काकू, तुमचं नाव घेतलं त्यांनी.”

“हो का?” ती दचकून म्हणाली. “मला वाटलं, पोस्टातलं कुणी आलं.”

बीट अजून चालूच होता. राजसनं तो बंद केला. जयसिंगनं हळूहळू मान वळवून परत भिंतीकडं केली.

राकेश बाहेर आला. बाकावर बसायचं की उभं राहायचं हे त्याला ठरवता येईना, म्हणून बेसिनपाशी जाऊन नळ सोडला आणि परत बंद केला.

“वहिनी, सहा महिने लागले त्या ओळीला.”

“ओळ छान झालीय, भाऊजी.”

“मग?”

पिशवीचे बंद तिनं एकमेकांत अडकवले, सोडवले.

“यांनी मला कधी नावानं हाक मारलेली ऐकलीत का तुम्ही?”

राकेशनं नळाची तोटी परत घट्ट पिळली.

“लग्नात,” तो शेवटी म्हणाला. “उखाण्यात घेतलं होतं. विहाराच्या हॉलमध्ये. मी होतो की.”

“तुम्ही होतात म्हणूनच घेतलं. सगळ्या बायका नाव घ्या, नाव घ्या करत मागं लागलेल्या, आणि हे मख्ख उभे. मग तुम्ही मागनं ओळ म्हणालात, तेव्हा कुठं यांनी माझं नाव त्यात टाकलं.” ती हसली. “तेव्हाही त्यांनी तुमचीच ओळ पुरी केली होती. हाक नव्हती ती.”

“मग हाक काय मारायचा?”

“अगं.”

“अगं काय?”

“नुसतं अगं. दारातनं आत आले की अगं. टीव्हीत ओळखीचं कुणी दिसलं की अगं. रोज सकाळी किल्ल्या सापडायच्या नाहीत, ‘अगं, किल्ल्या!’ समोर टेबलावर असायच्या, पण आधी अगं, मग डोळे उघडायचे.” तिनं दाढेच्या चित्राकडं पाहिलं. “वीस वर्षं मी घरात अगंच आहे, भाऊजी. मंदाकिनी मॅडम पोस्टात आहेत.”

राकेश तिच्या शेजारी बसला. त्यानं मनातल्या मनात ओळी जुळवून पाहिल्या. जग, ढग, मग, बघ. यमक होतं, ढीगभर होतं. अडचण यमकाची नव्हती.

“वहिनी, अगं हे ओळीच्या सुरुवातीला येतं हो. याला शेवटचंच येतं.”

“ते मला नाही कळत,” ती म्हणाली. “मी आपलं सांगितलं. नाव पण छान आहे. राहू द्या तेच.”

आत राजसनं तारा गुंडाळायला घेतल्या होत्या. राकेशनं त्याला हातानं थांबवलं.

“आणखी एक.”

“दादा, उद्या सकाळी टेम्पो येतोय.”

“एकच.”

काचेपलीकडं परत जाऊन, जयसिंगकडं बघून त्यानं बीट लावायला सांगितला आणि तिथल्या तिथं रचलेली ओळ टाकली, “दारात चपला, हातात पिशवी, तोंडात पहिलं काय —”

जयसिंगनं कपाळाला आठ्या घातल्या. “पंखा,” तो म्हणाला.

“नाही रे. घरात आलास. किल्ल्या सापडत नाहीत. कुणाला विचारणार?”

“चहा.” जयसिंगलाच ते पटलं नाही. त्यानं मान हलवली. “संडास. नको. पाणी.” त्याच्याकडं होतं नव्हतं ते सगळं तो काढून बघत होता, खिसे उलटे करावेत तसं. “पेजर,” तो शेवटी म्हणाला, आणि डावी मूठ खुर्चीच्या हातावर आपटली.

“दादा, बास,” राजस बटण न दाबताच म्हणाला. काचेतून ते नुसतं ओठांवर दिसलं.

राकेशला पुढची ओळ सुचली होती. तिच्यापुढचीही. शेवटाकडं अगं आणणाऱ्या चार ओळी त्याच्या जिभेवर तयार होत्या, आणि त्या घोकायला महिना लागला असता, आणि महिन्यानं हा माणूस त्या ओळीला झील धरून अगं म्हणाला असता, आणि बाहेर बाकावरच्या बाईनं पुन्हा पिशवीचे बंद एकमेकांत अडकवले असते. लग्नाच्या हॉलपासून आजपर्यंत ओळीची सुरुवात कायम त्याच्याकडंच होती. त्यानं ती कधी रिकामी सोडली नव्हती. सोडायची असते हे त्याला कुणी सांगितलंही नव्हतं.

त्यानं राजसला खूण केली, चालू ठेव. मग माइक वाकवून जयसिंगच्या तोंडासमोर आणला आणि आपण मागं सरकून भिंतीला टेकला.

बीट फिरला. जयसिंगनं राकेशकडं पाहिलं, ओळ कुठंय? राकेश गप्प. बीट परत फिरला. जयसिंग वाट बघत होता, ओठ अर्धे उघडे, शेवटचा शब्द द्यायच्या तयारीत, आणि द्यायला समोर काहीच नव्हतं. राकेशनं दोन्ही ओठ दातांत धरले होते. शिकाऊ उमेदवार पहिल्यांदा एकटा चढावर थांबतो तेव्हा शेजारी बसून ब्रेकवर पाय न ठेवणं त्याला रोज जमायचं. हे त्याहून अवघड होतं.

बीट किती वेळा फिरला कुणास ठाऊक. बाहेर मंदाकिनी निघायच्या तयारीनं उठली होती. डब्याची पिशवी खांद्याला लावून ती दारात आली, जयसिंगची काठी घ्यायला. जयसिंगनं वळून तिच्याकडं पाहिलं. त्याच्या घशात काहीतरी हललं.

“अगं,” तो म्हणाला.

ठोका गेल्यावर बऱ्याच वेळानं आला तो शब्द, बेताल. म्हटलं तर अगं होतं, म्हटलं तर नुसता खाकरला होता. पडद्यावर एक बारीकशी हिरवी टेकडी उठली आणि मावळली.

“काय हो?” मंदाकिनी म्हणाली.

तिच्या तोंडून ते गेलंसुद्धा. मग तिचा हात दाराच्या चौकटीवर गेला आणि तिथंच राहिला.

जयसिंगचं तोंड उघडंच होतं. पुढचं काहीतरी होतं. त्याच्या मानेच्या शिरेवर ते दिसत होतं, ओठांच्या कोपऱ्यात थरथरत होतं, आणि येत नव्हतं. ती थांबली. घाई करायची नसते हे तिला पाठ होतं. बीट एकदा फिरला, परत फिरला. त्याच्या डोळ्यांत हळूहळू पाणी भरायला लागलं तेव्हा तिनं खांद्यावरची पिशवी पुढं ओढली आणि आत हात घालून चाचपलं.

“आहेत,” ती म्हणाली. “माझ्याकडं आहेत किल्ल्या. चला.”

राजसचा हात थांबवायच्या बटणाकडं गेला आणि वाटेतच राहिला. भिंतीला टेकलेल्या राकेशचं तोंड सवयीनं पुढच्या ओळीसाठी उघडलं होतं. ते त्यानं मिटलं.